चरे पडलेल्या डीव्हीडी आणि ड्राइव्हची निवड: पुण्यातल्या एका गायनवर्गाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका पेठेत एका ज्येष्ठ गायिकेचा गायनवर्ग पंचवीस-तीस वर्षं चालला. शिष्यवर्गात त्या नुसत्या 'बाई' होत्या, म्हणून इथेही बाईच. ओळख पटेल असे बाकीचे तपशील गाळले आहेत.

२००५ ते २००९ या काळात एका शिष्येच्या घरून टीव्हीला जोडायचा डीव्हीडी रेकॉर्डर वर्गात आला. कोपऱ्यात स्टुलावर कॅमेरा, त्याची वायर रेकॉर्डरला, आणि शिकवणी थेट डिस्कवर. बाईंच्या मैफलींची रेकॉर्डिंग इतरांकडेही आहेत. शिकवणाऱ्या बाई मात्र फक्त या डिस्कवर आहेत. विलंबित ख्यालाचा मुखडा समेवर आणताना त्या मुलीला कुठे थांबवतात, 'ही जागा परत घे' म्हणून स्वतः कशी घेऊन दाखवतात, एकच आलाप तिघींना तीन वेगळ्या वाटांनी कसा समजावतात, हे सगळं त्यात आहे. गाणं शिकणाऱ्याला मैफलीपेक्षा याचा उपयोग जास्त. गायनवर्गांची खरी ठेव हीच असते, आणि बहुतेक घरांत तीच सगळ्यात हेळसांड होऊन पडलेली असते.

बाई गेल्यावर या तीसेक डिस्क त्यांच्या पुतण्याकडे आल्या. काही चेनच्या पाकिटात, काही स्पिंडलवर एकावर एक, आणि उरलेल्या फराळाच्या स्टीलच्या डब्यात, मध्ये वर्तमानपत्राचे चौकोन घालून. वर मार्करने रागाचं नाव आणि तारीख. वर्गात या डिस्क पुन्हा पुन्हा लावल्या गेल्या होत्या. प्लेअरमधून काढली की सतरंजीवर ठेवायची, दुसरी लावायची, असा रिवाज. सतरंजीतल्या बारीक खड्याने आपलं काम केलं होतं.

या डिस्कवरची रेकॉर्डिंग उतरवून घ्यायला आमच्याकडे दोघं आले. एक पुतण्या, स्वतः इंजिनिअर. दुसऱ्या, बाईंच्या सगळ्यात जुन्या शिष्या, ज्यांना वर्गातले सगळे 'ताई' म्हणतात. पुतण्याचा प्रश्न सरळ होता: "स्क्रॅच पडलेल्या डिस्क सगळ्यात चांगल्या वाचणारा ड्राइव्ह कोणता तेवढं सांगा, मी आजच मागवतो." ताईंचं म्हणणं वेगळं होतं: "अहो, एक डिस्क आधीच हातची गेली. आता कशालाही हात लावायच्या आधी मला सांगायचं." मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानात पॉलिश करायला दिलेली डिस्क पूर्वी अर्धवट दिसत तरी होती, परत आली तेव्हा तिच्यावर दुधी झाक होती आणि ती कुठेच लागत नव्हती.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण पुतण्याचा प्रश्न. तो प्रत्येक जण विचारतो, आणि त्या प्रश्नाला त्याच रूपात उत्तर नाही.

अडचण नेमकी काय होती

डिस्क वाचत नाही म्हटलं की सगळे चऱ्यांकडे बोट दाखवतात. उजेडात तिरक्या धरून पाहिल्या तेव्हा निदान चार वेगळी दुखणी दिसली, आणि प्रत्येकाला ड्राइव्हकडून वेगळी अपेक्षा होती.

आधी डिस्कची रचना. डीव्हीडी १.२ मिलिमीटर जाडीची असते, पण ती ०.६ मिलिमीटरच्या दोन पॉलिकार्बोनेट चकत्या चिकटवून केलेली असते आणि माहितीचा थर त्यांच्या मधोमध असतो. सीडीत तो थर लेबलच्या लगेच खाली असतो, म्हणून सीडीच्या लेबलवर नख जोरात फिरलं तरी माहिती जाऊ शकते. डीव्हीडीला दोन्ही बाजूंनी संरक्षण आहे. चरा पडतो तो बाहेरच्या प्लास्टिकवर. खालची माहिती बहुतेक वेळा शाबूत असते. ड्राइव्हला फक्त त्या चऱ्यापलीकडे बघता आलं पाहिजे.

लेझरचा किरण माहितीच्या थरावर अतिसूक्ष्म ठिपक्याएवढा होतो, पण डिस्कच्या पृष्ठभागातून आत शिरताना तो जवळजवळ अर्धा मिलिमीटर रुंद असतो. त्यामुळे केसाएवढा चरा किरणाचा थोडासा भागच अडवतो. शिवाय डीव्हीडीवर माहिती ३२ किलोबाइटच्या ठोकळ्यांमध्ये, दुरुस्तीच्या जादा अंकांसह लिहिलेली असते. असा एक ठोकळा ट्रॅकवर, म्हणजे माहिती लिहिलेल्या गोल फिरत जाणाऱ्या रेषेवर, साधारण ८ सेंटिमीटर लांब पसरतो आणि त्यातला सलग ६ मिलिमीटरच्या आसपासचा तुकडा गेला तरी तो गणिताने परत भरून काढता येतो. सीडीत ही मर्यादा अडीच मिलिमीटरच्या आत आहे.

म्हणून मध्यापासून कडेकडे जाणारा चरा दिसायला भयंकर असला तरी फारसा त्रास देत नाही. तो प्रत्येक फेऱ्याला आडवा छेदतो, ठोकळ्याचा मिलिमीटरभरही भाग अडवत नाही. खरा वैरी गोल चरा, ट्रॅकच्या दिशेने जाणारा. डीव्हीडीचे ट्रॅक एकमेकांपासून ०.७४ मायक्रॉनवर असतात. मध्यापासून ४ सेंटिमीटरवर ०.१ मिलिमीटर रुंदीचा पूर्ण गोल चरा पडला तर त्याखाली सव्वाशेहून जास्त फेरे येतात आणि प्रत्येक फेऱ्यात तीन ठोकळे. सगळे गेले असं धरलं तर १३ मेगाबाइटच्या आसपास, म्हणजे एका डिस्कवर दोन तास मावतील अशा मोडवर केलेल्या रेकॉर्डिंगचे वीसेक सेकंद. त्याहून वाईट म्हणजे असा चरा लेन्सला ट्रॅकवर धरून ठेवणाऱ्या यंत्रणेची दिशाभूल करतो. लेन्स शेजारच्या ट्रॅकवर घसरते, परत येते, परत घसरते, आणि ड्राइव्ह हात टेकतो.

आमच्या चार दुखण्यांपैकी पहिलं उथळ, असंख्य, वेड्यावाकड्या चऱ्यांचं. बहुतेक डिस्क यातल्या. दुसरं एका डिस्कवरच्या गोल चऱ्याचं, कंपासने काढल्यासारखा सफाईदार. फिरत्या प्लेअरला धक्का लागला की लेन्सच्या आजूबाजूचा भाग डिस्कला घासून असा चरा पडतो. ती डिस्क नेमकी मारवा रागाची, ताईंच्या मते सगळ्या संचातली सर्वांत मोलाची. तिसरं दुखणं चऱ्यांचं नव्हतंच. स्वस्तातल्या काही डीव्हीडी-आर (एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्क) बाहेरच्या कडेला वाचत नव्हत्या, जिथे एकही चरा नव्हता. लिहिता येणाऱ्या डिस्कमध्ये माहिती सेंद्रिय रंगाच्या थरावर असते, आणि तो थर कडेला विषम बसला असेल तर तिथूनच फिकट होत जातो. चौथं सगळ्यात धोक्याचं. एका डिस्कला मधल्या भोकापासून दीड-दोन सेंटिमीटरची तड गेली होती. घट्ट कव्हरमधून डिस्क वाकवून ओढली की अशी तड जाते.

समोरचे पर्याय

पुतण्याच्या मनात पॉलिश अजून होतं: दुसरं, चांगलं मशीन शोधू. ताईंनी ते ऐकूनही घेतलं नाही. आमचंही मत तेच होतं, कारण पॉलिश म्हणजे प्लास्टिक खरवडून काढणं. ते परत फिरवता येत नाही आणि चुकलं तर प्रकाश विखुरणारा धूसरपणा कायमचा राहतो. पॉलिश कधीच करू नये असं नाही. पण जे वाचता येतं ते सगळं आधी उतरवून घेतल्यानंतरच.

मोठ्या डेटा रिकव्हरी कंपनीकडे पाठवणं हा दुसरा मार्ग. तडकलेल्या डिस्कसाठी तो विचार गंभीरपणे झाला. बाकीच्यांसाठी खर्च पटेना, आणि डिस्क कुरिअरने गावाबाहेर जाणं ताईंना मान्य नव्हतं.

तिसरा मार्ग नवा यूएसबी ड्राइव्ह घेणं. दुकानात आज सहज मिळतो तो बारीक, लॅपटॉपच्या जातीचा. तो पुतण्याने आधीच घेतला होता आणि त्यात जवळजवळ निम्म्या डिस्क अडकत होत्या. दोष एखाद्या कंपनीचा नाही, बांधणीचा आहे. या ड्राइव्हमध्ये लेन्सचा गाडा हलका, मोटर छोटी, आणि सगळी वीज यूएसबीतून येते. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट मिळतात. डिस्कला वेग देताना एवढी वीज कमी पडू शकते. मग ड्राइव्ह मध्येच मान टाकतो आणि दोष डिस्कच्या माथी येतो. दोन तोंडांची केबल किंवा स्वतःची वीज असलेला हब लावून पाहिल्याशिवाय अशा ड्राइव्हवरून डिस्कविषयी काहीच निष्कर्ष काढू नये.

चौथा, जुन्या डेस्कटॉपमधले पूर्ण आकाराचे ड्राइव्ह. यांना ५ आणि १२ व्होल्टची वेगळी वीज लागते, बांधणी जड असते, आणि ज्या काळात घरोघरी डिस्क चालायच्या त्या काळात यांच्या वाचनयंत्रणेवर कंपन्यांनी खूप मेहनत घेतलेली होती. पाचवा, ब्लू-रे ड्राइव्ह. त्याचा निळा-जांभळा लेझर ४०५ नॅनोमीटरचा, पण डीव्हीडीसाठी त्यात ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर वेगळा असतोच, त्यामुळे तो डीव्हीडीही वाचतो.

सहावा मार्ग लोक विसरतात: साधा टीव्हीचा डीव्हीडी प्लेअर. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह ठोकळा दुरुस्त झाला नाही तर एरर देतो आणि काहीच हाती देत नाही. प्लेअरला मात्र गाणं चालू ठेवायचं असतं. तो चित्रात चौकोन दाखवत, आवाजात खरखर करत पुढे जातो. शिकवणीच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज मुख्य असल्याने हा मार्ग आम्ही राखून ठेवला.

पहिला निर्णय: आधी साफसफाई

ड्राइव्हची चर्चा थांबवून आधी डिस्क धुतल्या. ज्या खोलीत वर्ग चालायचा तिथे रोज तानपुऱ्यासमोर उदबत्ती. बऱ्याच डिस्कवर पिवळसर, चिकट पापुद्रा होता, त्यात बोटांचे ठसे. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या सौम्य लिक्विडचा थेंब, मऊ मायक्रोफायबर कापड, आणि हात कायम मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल पुसायचं नाही, कारण पुसताना एखादा कण घासला गेला तर निदान तो चरा आडवा पडावा, ट्रॅकच्या दिशेने नको. टूथपेस्ट लावायचा सल्ला पुतण्याला कुणीतरी दिला होता. पेस्टमध्ये घासणारी पूड असते, म्हणजे तेही पॉलिशच.

धुतल्यावर काही डिस्क त्याच बारीक यूएसबी ड्राइव्हमध्ये सुरळीत चालायला लागल्या. ज्यांना महिनोन्‌महिने 'स्क्रॅचवाल्या' म्हटलं गेलं होतं त्यांचं दुखणं मळाचं होतं.

दुसरा निर्णय: एक उत्तम ड्राइव्ह की वेगवेगळे तीन

पुतण्याने जुन्या चर्चा वाचून एक यादी आणली होती: अमुक मॉडेल सर्वोत्तम, तमुक मॉडेल त्याच्या खालोखाल. या याद्या खोट्या नसतात. लाइटऑनच्या ड्राइव्हना चांगलं नाव होतं, आणि त्यातले पुष्कळ ड्राइव्ह डिस्कवरच्या चुकांची मोजणीही सांगू शकतात, जी सगळे ड्राइव्ह सांगत नाहीत. पण यादीतला ड्राइव्ह नवा असताना तपासलेला असतो. आज हाती येतो तो दहा-पंधरा वर्षांचा, त्याचा लेझर किती थकला आणि लेन्सवर किती धूळ बसली ते मॉडेल नंबरवरून कळत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दोन कंपन्यांचे ड्राइव्ह एकाच डिस्कवर वेगवेगळ्या जागी अडखळतात. एकाची लेन्स चऱ्यावर टिकते पण फिकट रंगावर त्याचा सिग्नल तुटतो, दुसऱ्याचं उलट. मग एका 'उत्तम' ड्राइव्हवर सगळा पैसा लावण्यापेक्षा आतून खरोखर वेगळे असलेले तीन मध्यम ड्राइव्ह घेतले आणि तिघांनी वाचलेलं एकत्र केलं तर भोकं भरून निघतात. आम्ही हा मार्ग धरला, आणि आमच्या मते या प्रकरणातला सगळ्यात निर्णायक टप्पा हाच.

'आतून वेगळे' हे तपासावं लागतं. बाहेरच्या पट्टीवरच्या नावाला फार अर्थ नाही. डेल किंवा एचपीच्या जुन्या पीसीतला ड्राइव्ह त्या कंपनीने बनवलेला नसतो. आत हिताची-एलजी, लाइटऑन असा दुसराच कुणी असतो. दोन वेगळ्या नावांचे ड्राइव्ह विकत घ्यावेत आणि आत एकच यंत्र निघावं, असं सहज होतं. वरच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर आणि कॉम्प्युटरला जोडल्यावर ड्राइव्ह स्वतःची जी ओळख सांगतो, ती पाहायची.

खरेदी पुण्यातच झाली. एक ड्राइव्ह पुतण्याच्या ऑफिसच्या भंगारातून, एक बुधवारी जुन्या बाजारातून काही शे रुपयांत, आणि ब्लू-रे एका ओळखीच्या व्हिडिओ एडिटरकडून उसना. ड्राइव्हची सटा जोडणी यूएसबीला लावणारा अडॅप्टर आणि १२ व्होल्टचा पुरवठा इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत मिळाला. जुन्या बाजारात घेताना पाहायच्या गोष्टी सोप्या आहेत. स्टिकरवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. मागचं कनेक्शन सटाचं असावं. रुंद पट्टीच्या केबलचं आयडीई असेल तर वेगळा अडॅप्टर लागतो. वीज देऊन ट्रे उघडबंद होताना अडखळत नाही ना ते बघायचं. विक्रेत्याने कुरकुर केली तरी स्वतःजवळची एक डिस्क घालून बघायची.

ती 'एक डिस्क' आधी ठरवलेली हवी. गेली तरी चालेल अशी, पण बऱ्यापैकी चरे असलेली. आम्ही रेकॉर्डरवरच लिहिलेली, आता नको असलेली एक जुनी डीव्हीडी-आर निवडली. बाजारातली सिनेमाची डिस्क यासाठी मुद्दाम घेतली नाही, कारण कारखान्यात छापलेल्या डिस्कचं परावर्तन वेगळं असतं आणि तिच्यावर उत्तम ठरलेला ड्राइव्ह डीव्हीडी-आरवर तसाच वागेल याची खात्री नाही. प्रत्येक ड्राइव्हवर तीच डिस्क, तोच वेग, आणि शेवटी किती भाग वाचायचा राहिला याची नोंद. बाईंची एकही डिस्क कसोटीसाठी वापरायची नाही ही अट ताईंनी घातली. ती आमचीही होती.

तिसरा निर्णय: वाचायचं कसं

साध्या कॉपी-पेस्टने फायली ओढायच्या नाहीत हे सुरुवातीलाच ठरलं. एका वाईट जागी कॉम्प्युटर अडकतो, ड्राइव्ह तीच जागा घरघरत पुन्हा पुन्हा वाचतो, आणि पुढचा निरोगी भाग तसाच राहतो. त्याऐवजी लिनक्सवर डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर वापरलं. ते पहिल्या फेरीत सोपं सोपं उचलतं, वाईट जागा ओलांडून पुढे जातं, आणि काय मिळालं, काय राहिलं याचा नकाशा एका छोट्या फायलीत लिहून ठेवतं. डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तोच नकाशा पुढे दिला की तो फक्त राहिलेल्या जागांवर प्रयत्न करतो. तीन ड्राइव्हची कल्पना या नकाशाशिवाय कागदावरच राहिली असती.

वेगाबद्दल पुतण्याला शंका होती. ड्राइव्हवर १६ एक्स लिहिलंय तर ४ एक्सवर का चालवायचा? १६ एक्सला डिस्क मिनिटाला नऊ हजारांच्या आसपास फेरे घेते. वर कागदी लेबल चिकटवलेली डिस्क त्या वेगाला थरथरते, आणि चऱ्यावरून जाताना लेन्सला सावरायला वेळच मिळत नाही. १ एक्सला म्हणजे सेकंदाला १.३८५ मेगाबाइट या वेगाने पूर्ण भरलेली डिस्क तासाभरात वाचून होते; ४ एक्सला पाव तासात. घाई कशासाठी? काही ड्राइव्ह वेग कमी करायची आज्ञा मानत नाहीत. आमच्या ड्राइव्हपैकी एकाने ती मानली नाही, आणि तेवढ्यामुळे तो अवघड डिस्कसाठी मागे पडला.

उथळ चऱ्यांच्या डिस्क पूर्ण आकाराच्या पहिल्याच ड्राइव्हवर जवळजवळ संपूर्ण उतरल्या. कडेला फिकट झालेल्या डिस्कवर तो थांबला, आणि जुन्या बाजारातल्या ड्राइव्हने तिथे बराच भाग उचलला. दिसायला तो सगळ्यात कळकट होता. गोल चऱ्याच्या मारव्याच्या डिस्कवर मात्र दोघंही चऱ्याजवळ पोचले की ट्रॅक सोडत. तिथे ब्लू-रे ड्राइव्ह, आणि उलट दिशेने म्हणजे बाहेरून आत वाचायचा पर्याय, यांनी चऱ्याच्या दोन्ही काठांपर्यंत मजल मारली. मधली अरुंद पट्टी राहिली.

चौथा निर्णय: तडकलेली डिस्क

इथे सगळी गणितं उलटी झाली. भोकापासून तडकलेली डिस्क जास्त वेगात फिरली तर ड्राइव्हच्या आत तिचे तुकडे होऊ शकतात. जड, वेगवान, चांगला वाचणारा डेस्कटॉप ड्राइव्ह तिच्यासाठी सगळ्यात धोक्याचा. म्हणून जो बारीक यूएसबी ड्राइव्ह आधी निम्म्या डिस्कवर अडकत होता तोच इथे घेतला. त्याचा कमाल वेगच ८ एक्स, आणि तो वेग आणखी उतरवायची आज्ञा मानत होता. पूर्ण वीज मिळेल असा हब लावला, वेग किमान ठेवला, आणि एकाच बैठकीत, डिस्क परत न काढता, वाचता येईल तेवढं घेतलं. तड ज्या आतल्या भागातून जात होती तिथले काही ठोकळे आले नाहीत, पण मेनूच्या माहितीची आयएफओ फाइल गेली तरी तिची जोडफाइल बीयूपी डिस्कवर वेगळ्या जागी असते; तिच्यावरून रेकॉर्डिंगची मांडणी कळली. ही डिस्क पुन्हा कोणत्याही ड्राइव्हमध्ये घालायची नाही असं पाकिटावर लिहून ठेवलं.

पाचवा निर्णय: मारव्यासाठी पॉलिश

मारव्याच्या डिस्कवरची पट्टी तिन्ही ड्राइव्हनी सोडली होती. नकाशावरून हिशेब केला तर जेमतेम काही सेकंदांचं चित्र आणि आवाज. एक ठोकळा म्हणजे दोन तासांच्या मोडमध्ये सेकंदाचा विसावा भाग, त्यामुळे विखुरलेले ठोकळे गेले तर कानाला फारसं कळत नाही. इथे ते सलग गेले होते, आणि ताईंना आठवत होतं की त्याच आसपास बाई कोमल रिषभाचं स्थान समजावतात.

पुतण्या म्हणाला, "बाकी सगळं उतरलंय. आता पॉलिश करून बघायला हरकत काय?" या वेळी त्याचा मुद्दा बरोबर होता. ताई दोन दिवस विचार करून हो म्हणाल्या, एका अटीवर: मशीन नाही, हाताने. ॲक्रिलिकसाठीचं अगदी बारीक पॉलिश, कापसाच्या कापडावर, फक्त चऱ्याच्या पट्ट्यावर, मध्यापासून कडेकडे, हलक्या हाताने. चरा नाहीसा करायचा नव्हता. त्याच्या टोकदार कडा बोथट करायच्या होत्या, म्हणजे किरण कमी वाकतो आणि लेन्स ट्रॅकवर राहते. त्यानंतर तोच नकाशा घेऊन डिस्क परत तिन्ही ड्राइव्हमध्ये गेली.

निष्पत्ती

उथळ चऱ्यांच्या सगळ्या डिस्क पूर्ण आल्या. फिकट कडांच्या डिस्कमध्ये शेवटच्या काही मिनिटांत तुटक भोकं राहिली, गाणं मात्र सलग ऐकू येतं. मारव्याच्या डिस्कची पट्टी पॉलिशनंतर बरीच अरुंद झाली. उरलेला तुकडा आम्ही टीव्हीच्या प्लेअरवर चालवून त्याचा आवाज वेगळा टिपला. चौकोन पडलेल्या चित्राखाली बाईंचं वाक्य समजण्याइतकं ऐकू येतं. ताईंनी ते ऐकून लगेच शब्दशः लिहून दिलं आणि ती नोंद त्या रेकॉर्डिंगसोबत ठेवली आहे. दुकानातून पॉलिश होऊन आलेली डिस्क वाचली नाही. दुधी झाक इतकी सरसकट होती की एकही ड्राइव्ह तिला डिस्क म्हणून ओळखेना.

एक डिस्क सगळीकडे 'कोरी' दिसत होती, चरा एकही नाही. ती रेकॉर्डरवर फायनलाइज, म्हणजे रेकॉर्डिंग संपल्यावर बंद करून इतर यंत्रांत चालेल अशी, केलेलीच नव्हती. मूळ रेकॉर्डर पुतण्याच्या घरी माळ्यावर आहे, पण त्यात घालून फायनलाइज करणं म्हणजे एकमेव प्रतीवर नवं काहीतरी लिहिणं. म्हणून आधी अशा डिस्कचा कच्चा मजकूर वाचणाऱ्या प्रोग्रॅमने तिचे ठोकळे उचलले आणि त्यातून रेकॉर्डिंग काढलं.

जिथे काही मिळालं नाही तिथे काळी जागा तशीच ठेवली. आवाज जोडून, चित्र सरकवून ती लपवली नाही. मूळ डिस्कच्या जशाच्या तशा प्रतिमा (अख्ख्या डिस्कची नक्कल असलेल्या फायली) दोन हार्डडिस्कवर, दोन वेगळ्या घरी आहेत; शिष्यांसाठी छोट्या फायली वेगळ्या केल्या.

काय वेगळं करता आलं असतं

पहिलं, डिस्क धुण्याआधी कुणीही ड्राइव्ह विकत घेऊ नये. पुतण्याचा पहिला खर्च आणि त्याहून मोठी निराशा टळली असती.

दुसरं, दुखणं ओळखून मग ड्राइव्ह निवडायचा. उथळ चऱ्यांसाठी बहुतेक कोणताही सुस्थितीतला पूर्ण आकाराचा ड्राइव्ह चालतो, आणि एवढंच दुखणं असेल तर तीन ड्राइव्हचा खटाटोप नको. गोल चरा किंवा फिकट कड असेल तरच दुसऱ्या-तिसऱ्याची गरज पडते. तड असेल तर वाचनाची ताकद विसरून वेग कमी ठेवणारा ड्राइव्ह शोधावा. आमच्या कामात हा क्रम हळूहळू उमगत गेला. पुढच्या वेळी सगळ्या डिस्क पहिल्याच दिवशी खिडकीच्या उजेडात तपासून चार गठ्ठे करून ठेवू.

चुकांची मोजणी करणाऱ्या प्रोग्रॅमचा मोह पुतण्याला झाला होता. डीव्हीडीसाठी आठ सलग ठोकळ्यांत २८० ही चुकांची मर्यादा धरतात, आणि तिचा आलेख बघायला छान दिसतो. नाजूक डिस्कवर मात्र तो आलेख काढायला डिस्क एकदा पूर्ण फिरवावी लागते, आणि तेवढ्यात प्रत्यक्ष माहिती उतरवून होते. मोजणी करायचीच तर प्रतिमा घेतल्यानंतर, ज्या डिस्क चांगल्या वाटतात त्यांच्यावर, म्हणजे कोणती डिस्क आता कोसळायच्या बेतात आहे ते कळतं.

मारव्याच्या पॉलिशबद्दल ताईंचं आणि आमचं अजून एकमत नाही. त्यांच्या मते वाक्य प्लेअरवर ऐकू येत होतं, तर पॉलिश करायची गरज नव्हती. आधी प्लेअर लावून पाहायला हवा होता. क्रमाचा हा मुद्दा आम्हाला पटतो. प्लेअरवरून टिपणं डिस्कला काहीच इजा करत नाही, पॉलिश करतं. पुढच्या अशा प्रकरणात प्लेअर पॉलिशच्या आधी येईल. पण पॉलिशमुळे आलेलं चित्र, बाईंचा हात त्या कोमल रिषभाला किंचित खाली झुकतो ते, प्लेअरच्या चौकोनांतून दिसलं नसतं, असं पुतण्याचं म्हणणं आहे, आणि त्यालाही नाही म्हणता येत नाही.

शेवटची गोष्ट ड्राइव्हच्या उपलब्धतेची. नव्या डेस्कटॉप कॅबिनेटमध्ये बहुधा त्यांच्यासाठी जागाच ठेवलेली नसते आणि जुने पीसी भंगारात जाताना ड्राइव्ह त्यांच्याबरोबर जातात. ज्या गायनवर्गाकडे, नाट्यसंस्थेकडे किंवा घरी अशा डिस्क आहेत त्यांनी ऑफिसच्या किंवा शेजाऱ्याच्या टाकाऊ पीसीतला सटा ड्राइव्ह आजच काढून, धूळ लागणार नाही अशा पिशवीत ठेवावा, आणि त्याच्यासोबत १२ व्होल्टचा पुरवठा असलेला एक अडॅप्टरही.